दुपारनंतरचा पट्टा

ग्रंथालयासमोरच्या चौकात पाण्याची जुनी नळी बदलायचं काम निघालं होतं. त्यासाठी फरसबंदीचे पॉर्फिरी दगडाचे ठोकळे उचलून कडेला रचायचे आणि नळी गेली की पुन्हा बसवायचे, एवढंच मुकादमाकडे होतं. खणणारे वेगळे, नळीवाले वेगळे. त्यामुळे त्या सकाळी चरात डोकावायचं त्याला खरं तर काही कारण नव्हतं. पण पाणीखात्यातली इंजिनिअरबाई कमरेइतक्या चरात उभी होती, डोक्यावर पिवळी टोपी, हातात लोखंडी गज, आणि तिने खालूनच हाक मारली, मुकादम, तुम्ही जुने आहात, हे जरा बघा, गंमत आहे. तो वाकला. चराची भिंत सरळ कापली गेली होती आणि तीत सगळे थर दिसत होते. तळाला माती, मग वीतभर खडी, वर चार बोटं कच, दगडाचा बारीक चुरा, त्याच्यावर ठोकळे. बाईने गज खडीवर मारला. तो टणकन मागे आला. दोन पावलं सरकून तिने पुन्हा मारला, आणि या वेळी गज कसलाही आवाज न करता मुठीपर्यंत आत गेला. "इथपर्यंत काय सुरेख चोपलंय बघा," ती म्हणाली, "आणि इथून पुढे नुसतं ओतलंय. एकाच पट्ट्यात. कुणाला तरी घाई झालेली दिसते." ती हसली. तिच्या हसण्यात काही नव्हतं. अठरा वर्षांपूर्वी ती शाळेत असेल. मुकादम तसाच वाकून राहिला. दोन्ही भागांच्या मधे एक रेघ होती, उभी, पट्टी ठेवून आखावी तशी. डावीकडे खडी एकमेकीत रुतून एकजीव झालेली, उजवीकडे सैल, मधे मधे पोकळ्या, त्यांत झिरपलेला ओला कच. काळ्या दगडावरची रेघ, असं माणसं बोलतात. ही करड्या खडीतली होती, आणि तिच्याबद्दल या गावात फक्त त्याला माहीत होतं. तिच्यापर्यंत एक वाजला होता. तिच्यापुढे सव्वा एक.

उद्या सकाळी सातला नळी टाकून चर बुजवणार, असं बाई म्हणाली. तो बरं म्हणाला आणि आपल्या ठोकळ्यांकडे वळला. उचललेले ठोकळे रांगेने रचलेले होते, तांबूस, जांभळट, काही राखी, अंगात तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे-गुलाबी कण. हा दगड त्याला फार आवडायचा. आगीतून आलेला, थंडीने न तडकणारा, आणि मुख्य म्हणजे घासून गुळगुळीत न करता जसा फुटला तसाच बसवायचा. त्याची फुटलेली पाठ खरखरीत राहते, ओल्यात देखील पाय धरून ठेवते. दगड विकणारे त्याला सांगत की शंभर वर्षं काही होत नाही या दगडाला, आणि ते खरंही होतं. अठरा वर्षांत एकाही ठोकळ्याची कड गेली नव्हती. दगड कधीच दगा देत नाही, त्याचा पहिला उस्ताद म्हणायचा, दगा खालून येतो. वरून पाहणाऱ्याला ठोकळा दिसतो, कमानीतली नक्षी दिसते, पंख्यासारखे उलगडत गेलेले अर्धगोल दिसतात. खालची वीतभर खडी कुणी पाहत नाही. ती दोन थरांत टाकायची, पहिला थर धुम्मसाने, म्हणजे दांड्याच्या जड लोखंडाने, चोपायचा, पाणी मारायचं, पुन्हा चोपायचा, मग दुसरा. हे काम करताना कुणी फोटो काढत नाही. त्याने एक ठोकळा उचलून हातात फिरवला, सवयीने त्याचं तोंड कुठलं ते पाहिलं, आणि आपण काय पाहतोय हे कळेना म्हणून परत ठेवून दिला.

हा चौक त्याने आणि त्याच्या मेहुण्याने केला होता. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याला सगळे ओळंबा म्हणायचे, कारण त्याला दोरी लागायची नाही. बाकीचे दोन खुंट्या मारून दोरी ताणत बसायचे आणि हा एक डोळा मिटून नुसता बघायचा आणि बसवत जायचा, आणि मागून दोरी लावून बघावी तर केसाचा फरक नसायचा. ठोकळा हातात घ्यायचा, एकदाच फिरवायचा, खाली ठेवायचा, हातोडीचे तीन ठोके, पुढचा. मुकादमाला एका ठोकळ्याला पाच ठोके लागत. तो तेव्हा मुकादम नव्हता. दोघे बरोबरीचे होते, खरं तर बरोबरीचे नव्हते, ओळंबा वरचढ होता, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघेही त्यावर बोलत नसत. धाकट्या मेहुण्याने आपल्यापेक्षा सरस असावं यात कुणाला आनंद वाटत असेल तर तो माणूस वेगळ्या मातीचा. मुकादम त्या मातीचा नव्हता. पण त्याला त्याचा राग होता असंही नाही. दुपारी दोघे एकाच डब्यातून जेवत. ओळंबा त्याला भावोजी म्हणे, अहोजाहो करी, आणि कधी मुकादमाची ओळ चुकली तर काही न बोलता चहाच्या सुट्टीत ती गुपचूप सुधारून ठेवी. ते मुकादमाच्या लक्षात येई. तो आभार मानत नसे.

त्या दिवशी ओळंब्याला ताप होता. सकाळीच डोळे लाल होते. मुकादम म्हणाला, घरी जा, तर तो म्हणाला, पट्टा पुरा करून जातो. खडी त्यानेच टाकली, त्यानेच चोपली, धुम्मस उचलताना त्याचे दात वाजत होते. एक वाजता तो खाली बसला तो उठेचना. मुकादमाने त्याला अवजारांच्या खोलीत नेऊन पोत्यांवर निजवलं. उरलेला पट्टा मुकादमाच्या वाट्याला आला. आणि चार वाजता त्याला एक घर बघायला पोचायचं होतं. बायको तिथे पोचणार होती. दोन मोठ्या खिडक्या, स्वयंपाकघरात ऊन, आणि घरमालकाने सांगितलं होतं की आज जो आधी येईल त्याला. बायकोने सकाळी निघताना दारात त्याची बाही धरून सांगितलं होतं, एकदा तरी वेळेवर ये. तेवढंच. तिने कुठे सांगितलं होतं की खडी चोपू नकोस म्हणून. पण त्याने सगळी खडी एकदमच ओतली, वरून धुम्मसाचे दोन हात फिरवले, दिसायला सारखं केलं, कच पसरला, आणि ठोकळे बसवले. ठोकळे मात्र छान बसवले. तेवढंच दिसणार होतं म्हणून नव्हे, असं तो नंतर स्वतःला सांगे. घाईतही हात चांगला चालला होता. साडेतीनला त्याने हातपाय धुतले. खोलीत डोकावला तर ओळंबा गाढ झोपलेला, तोंड उघडं, एक हात पोत्याबाहेर लोंबणारा. त्याला उठवलं नाही. चारला पाच कमी असताना तो त्या घराच्या पायऱ्या चढला, आणि घर मिळालं. अजून ते त्याच घरात राहत होते. स्वयंपाकघरात अजून ऊन येत होतं.

तीन महिन्यांनी तो पट्टा दोन बोटं खाली गेला. दोन बोटं म्हणजे काही नाही, पण कडेचा एक ठोकळा तेवढाच वर राहिला, आणि ग्रंथालयातल्या बाई, ज्यांच्याकडे मुकादमाची बायको लहानपणापासून पुस्तकं बदलायला जायची, त्याला अडखळून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. नंतर त्या काठी घेऊन चालू लागल्या, कामावरही आल्या, पण वरच्या कप्प्यातलं पुस्तक त्यांना कुणाला तरी काढून द्यायला लागे. त्या चार वर्षांपूर्वी गेल्या, वय झालं होतं, त्याचा याच्याशी संबंध नव्हता. मुकादम त्या मधल्या वर्षांत त्यांना चौकात भेटला की म्हणे, सावकाश बाई. त्यांना वाटे, काय भला माणूस आहे.

चौकशी लागली तेव्हाचं त्याला सगळंच आठवे, पण नीट आठवे ते आदल्या संध्याकाळचं. दोघे कामावरून परत चालले होते. पुढे बघतच ओळंब्याने विचारलं, भावोजी, त्या दिवशी दुपारनंतर मी किती काम केलं हो? मला काही नीट आठवत नाही. जाग आली तेव्हा पट्टा झालेला होता. रस्त्याला उतार होता आणि समोरून एक बाई पिशवी घेऊन येत होती, तिला वाट द्यायला मुकादम बाजूला झाला, आणि पुन्हा ओळंब्याच्या बरोबरीने चालायला लागेपर्यंतच्या त्या दोन-तीन पावलांत त्याने उत्तर तयार केलं. "बरंच," तो म्हणाला. एक शब्द. त्यात खोटं कितीसं होतं? सकाळपासून एकपर्यंत त्याने बरंच केलंच होतं. पण त्याने विचारलं होतं ते दुपारनंतरचं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं की हा पट्टा कुणाचा, तेव्हा खोलीत पाच-सहा जण होते आणि मुकादम तोंडात मिठाची गुळणी धरून कोपऱ्यातल्या नळाकडे बघत उभा राहिला. नळ गळत होता. ओळंबा पुढे झाला आणि म्हणाला, "माझा. अंगात ताप होता. हाताला कळलं नसेल." साहेब वाईट नव्हते. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की ना? ओळंबा नक्की म्हणाला. त्याचं नाव खात्याच्या कारागिरांच्या यादीतून गेलं. वरून वरून कच भरून ठोकळे परत समपातळीत आणले, खाली कुणी उकरून बघितलं नाही, आणि पुढच्या वर्षी मुकादमाची जागा भरायची होती तेव्हा जो हात सगळ्यांत सरळ होता तो यादीतच नव्हता; ती जागा याला मिळाली.

मग माणसं म्हणायला लागली, ओळंबा हलला. ही गंमत फार चालली. ओळंब्यानेही ती हसून घेतली. त्याला खाजगी कामं मिळाली असती, एक-दोघे विचारायलाही आले, पण त्याने नको म्हटलं. माझ्या हाताचा भरवसा नाही, हे तो इतक्या साधेपणाने म्हणे की समोरच्याला ते नम्रता वाटे. ती नम्रता नव्हती. मुकादमाला ते कळायला एक वर्ष लागलं. एकदा तो त्याच्या घरी गेला तर शेजारचा माणूस स्टुलावर चढून भिंतीत खिळा ठोकत होता आणि ओळंबा खाली उभा राहून तसबीर धरून होता. ज्याने दोरीशिवाय अख्खा चौक बसवला, तो भिंतीत खिळा ठोकायला शेजाऱ्याला बोलवत होता. मुलगी झाली तेव्हा दोन वर्षं तो तिला उचलून घेत नसे, बसलेला असला तरच मांडीवर घेई, हातून निसटेल म्हणून. त्याची बायको हे हसत हसत सांगे. मुकादमही हसला होता, आणि मग घरी येऊन बराच वेळ नळाखाली हात धरून उभा राहिला होता. कामाला म्हणून ओळंबा एका मोठ्या दुकानाच्या गाड्या लावायच्या जागेत लागला. खाली सगळं डांबर. बटण दाबायचं, दांडा वर जातो. बटण सोडायचं, दांडा खाली येतो. यात बिघडण्यासारखं काही नाही, तो म्हणे.

आणि मुकादमाची बायको. तिने भावाला क्षमा केली नाही असं म्हणणं चूक ठरेल, कारण ती त्याच्यावर कधी ओरडली नव्हती, एकदाच काय ते बोलली. ती ग्रंथालयातल्या बाईंना भेटून आली होती आणि भाऊ दारात उभा होता. ताप होता तर घरी बसायचं होतंस, तुझ्या हट्टापायी त्या बाई जन्माच्या अधू झाल्या, आणि यांचंही नाव जायचं ते थोडक्यात राहिलं. यांचं, म्हणजे मुकादमाचं. मुकादम तेव्हा आतल्या खोलीत होता. भिंत पातळ होती. त्याने ऐकलं आणि तो बाहेर आला नाही. त्यानंतर ओळंबा त्यांच्याकडे जेवायला आला नाही. लग्नकार्यात भेट होई, भावंडं एकमेकांची विचारपूस करत, उभ्याउभ्याच. बायको हळूहळू भावाबद्दल एका विशिष्ट सुरात बोलायला लागली, तो सूर वाईट नव्हता, नुसता थकलेला होता, आपल्या माणसाकडून आता काही अपेक्षा नाही असा. अठरा वर्षं मुकादम तो सूर ऐकत जेवला होता.

आता खरं असं होतं की इतक्या वर्षांत त्याने स्वतःसाठी एक सोय करून घेतली होती. माणूस दगडाखाली हात सापडल्यासारखा किती वर्षं जगणार? त्याने मनाशी धरलं होतं की ताप तर होताच, सकाळचं काम तरी कुठे नीट झालं असेल. थोडं त्याचं, थोडं माझं. कदाचित जास्त त्याचंच. आपण फक्त उरलेल्यावर ठोकळे बसवले. कधी कधी तर, विशेषतः झोप लागता लागता, त्याला खरोखर तसंच आठवे: सैल खडी आधीपासून तिथे होती, त्याने फक्त झाकली. ही आठवण त्याने इतकी वापरली होती की तिच्या कडा गोल झाल्या होत्या. आणि आज त्या पोरसवदा बाईने गज मारला आणि तो टणकन मागे आला. दात वाजत असलेल्या माणसाने चोपलेली खडी अठरा वर्षांनी, इतक्या पाण्यात, इतक्या पावलांखाली, लोखंडाला आत घेत नव्हती. मुकादमाने हयातीत इतकी घट्ट खडी चोपली नव्हती. त्याला कशाची लाज वाटली हे सांगता येणार नाही. खोटेपणाची तर होतीच, ती जुनी होती, तिच्याशी ओळख होती. ही नवी होती. त्या सकाळच्या चार तासांवर त्याने अठरा वर्षं मनातल्या मनात आळ घेतला होता.

अकरा वाजले, बारा वाजले. तो ठोकळे मोजत होता असं बाकीच्यांना वाटलं. उद्या सातला चर बुजला की रेघ गेली, पुन्हा कुणी ती बघणार नाही, त्याच्या जन्मात तर नाहीच. ही गोष्ट त्याला आधी दिलासा म्हणून सुचली. मग जेवणाच्या सुट्टीत डबा उघडल्यावर त्याच गोष्टीची त्याला धास्ती वाटली. डबा बायकोने भरलेला होता. त्याने तो तसाच बंद केला, इंजिनिअरबाईला सांगितलं की तासाभरात येतो, आणि ओळंब्याकडे निघाला. वाटेत त्याने तीनदा ठरवलं की जाऊ नये. चराची ती भिंतच दाखवावी त्याला, आपण काही बोलायची गरज पडणार नाही, तो कारागीर आहे, बघेल आणि समजेल, या विचारावर तो शेवटी गेला.

ओळंबा दांड्याशेजारच्या काचेच्या केबिनमध्ये बसला होता. केस पुष्कळ पांढरे झाले होते. भावोजींना बघून तो उठून उभा राहिला, ताई बरी आहे ना, हे त्याने पहिल्यांदा विचारलं. मुकादम म्हणाला, बरी आहे, तू जरा चल माझ्याबरोबर, एक काम आहे, चौकात. चौक म्हटल्यावर ओळंब्याचा चेहरा मिटल्यासारखा झाला. तो म्हणाला, तिकडे मी जात नाही, भावोजी. माहीत आहे, मुकादम म्हणाला, तरी चल. मोठ्या माणसाला नाही म्हणायची ओळंब्याला सवय नव्हती. तीन वाजता त्याची पाळी संपत होती. तोपर्यंत मुकादम बाहेर कठड्यावर बसून राहिला आणि दांडा वर जाताना आणि खाली येताना बघत राहिला.

वाटेत ओळंब्याने सांगितलं की मुलगी आता बारावीला आहे. चौकाची हद्द आली, जिथे डांबर संपून दगड सुरू होतो, तिथे तो थांबला, आणि मग कडेकडेने, भिंतीला धरून चालायला लागला, जसं कुणी ओल्या फरशीवरून चालतं. मुकादमही त्याच्या मागून तसाच चालला. चरापाशी इंजिनिअरबाई नव्हती, नळीवाले लांब चहा पीत होते. मुकादमाने नुसतं बोट दाखवलं. ओळंबा वाकला. त्याची नजर पहिल्यांदा उजवीकडे गेली, सैल भागावर, पोकळ्यांवर, आणि तिथेच थांबली. मग मान हलवत म्हणाला, "हेच ते. मी म्हणत होतो ना. डोळ्यांनी एकदा बघायचं राहिलं होतं, बरं केलंत दाखवलंत." आणि तो खरोखरच आभार मानत होता. मुकादमाला वाटलं होतं की भिंत बोलेल. भिंत बोलली, पण तिने जे सांगितलं ते ओळंब्याने आधीपासून धरलेल्या अर्थानेच ऐकलं. आता या जगात हे सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि तो चराच्या कडेवर उभा होता.

"ते नाही," मुकादम म्हणाला. "ते तुझं नाही. तुझं हे. डावीकडचं. एक वाजेपर्यंतचं तुझं, मग तू झोपलास. त्याच्यापुढचं माझं. मला घर बघायला जायचं होतं."

ओळंब्याने चपला काढून कडेला ठेवल्या आणि तो चरात उतरला, या वयात उतरतात तसा, आधी बसून, मग एक पाय, मग दुसरा. डावीकडच्या खडीवर त्याने तळहात टेकला. मग बोटं. मग अंगठ्याच्या नखाने एक खडा हलवून बघितला, हलला नाही. शेजारचा हलवून बघितला. रेघेपर्यंत तो असाच खडा-खडा चाचपत गेला, आणि रेघेपाशी हात थांबला. मुकादमाला त्याची पाठ दिसत होती, गणवेशाचा निळा सदरा, मानेवरचे पांढरे केस.

"मी तुम्हाला विचारलं होतं," तो पाठमोराच म्हणाला. "दुपारनंतर मी किती केलं."

"हो."

"तुम्ही म्हणालात, बरंच."

"हो."

यानंतर मुकादमाने माफी मागायला सुरुवात केली. काय काय बोलला ते त्याला नंतर आठवलं नाही, घराबद्दल, नळाबद्दल, त्या उतारावरच्या बाईबद्दलही बहुधा. ओळंब्याने ते ऐकलं की नाही कळलं नाही. एकदा तो फक्त इतकंच म्हणाला, मुलीला मी दोन वर्षं उचललं नाही, आणि ते काही मुकादमाला म्हणाला नाही, खडीला म्हणाल्यासारखं म्हणाला. मग तो चरातून वर आला, हात झटकले, चपला घातल्या. मुकादमाला वाटलं, आता हा जाईल. तो गेला नाही. त्याने आजूबाजूला बघितलं, नळीवाल्यांच्या सामानात धुम्मस पडला होता, तो उचलून आणला आणि मुकादमापुढे धरला.

"उतरा खाली, भावोजी," तो म्हणाला. "सगळी उकरून काढा. दोन थरांत टाका. मी बघतो."

अहो म्हणत होता. आवाज चढलेला नव्हता. मुकादम उतरला. त्याने फावड्याने सैल खडी ओढून बाहेर काढली, कच वेगळा केला, ठोकळ्यांच्या तीन रांगा आणखी उचलाव्या लागल्या. नळीवाले येऊन बघून गेले. इंजिनिअरबाई आली आणि म्हणाली, अहो मुकादम, इतकं कशाला, वरून चोपलं तरी चाललं असतं. ओळंबा तिला म्हणाला, चाललं नव्हतं. तिने एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं आणि ती आपल्या नळीकडे गेली. मुकादमाने पहिला थर टाकला आणि धुम्मस उचलला. साठी उलटली होती, हे काम त्याने दहा वर्षांत स्वतः केलं नव्हतं, इतरांना सांगितलं होतं. पंधरा-वीस ठोक्यांत खांदे भरून आले. तो थांबला आणि वर बघितलं. ओळंबा कडेवर उकिडवा बसला होता. त्याने लोखंडी गज खाली सोडला. गज दोन बोटं आत गेला.

"अजून," ओळंबा म्हणाला.

मुकादमाने पाणी मारलं, पुन्हा चोपलं. तळहाताला फोड आला, फुटला. ऊन ग्रंथालयाच्या गच्चीवर गेलं. गज खाली आला, बोटभर आत गेला. अजून. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता आणि त्याला तो पुसता येत नव्हता, आणि विचित्र गोष्ट अशी की अठरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या डोक्यात काहीच चाललेलं नव्हतं, ना नळ, ना उतार, ना पातळ भिंत. फक्त तो एक शब्द वरून यायचा आणि हात उचलले जायचे. पण मधेच, दुसऱ्या थराच्या वेळी, त्याच्या लक्षात आलं की आपल्याला हलकं वाटायला लागलंय, आणि त्याची त्याला शरम वाटली. इतक्या स्वस्तात सुटायचा आपल्याला काय हक्क? त्याने धुम्मस आणखी उंच उचलला, आणि ओळंबा म्हणाला, उंच नको, सरळ. इतकं साधं. वीस वर्षांपूर्वी चहाच्या सुट्टीत गुपचूप दुरुस्त करून ठेवायचा, ते आज पहिल्यांदा तोंडाने सांगत होता. शेवटी एकदा गज टणकन मागे आला. ओळंब्याने आणखी दोन ठिकाणी टाकून बघितला. मग तो उठला आणि गुडघे सरळ करत उभा राहिला. झालं, असं काही तो म्हणाला नाही.

मुकादमाला वर यायला त्याने हात दिला नाही. मुकादम आपला आपण वर आला. सहा वाजत आले होते, ग्रंथालयातून माणसं बाहेर पडत होती आणि चराला वळसा घालून जात होती. उद्या ठोकळे बसवायला येशील का, हे विचारायचं मुकादमाच्या ओठांवर होतं. पण तसं विचारायचा अधिकार मागायलाही आता उशीर झाला होता, असं त्याला वाटलं. ओळंब्यानेच विचारलं, ताईला माहीत आहे? मुकादम म्हणाला, नाही.

"मग आज सांगा," ओळंबा म्हणाला. "मी उद्या रात्री जेवायला येणार आहे तुमच्याकडे. मी आलो तेव्हा तिला माहीत पाहिजे. मला तिथे बसून सांगायला लावू नका." आणि तो निघाला. या वेळी भिंतीकडेने नाही. चौकाच्या मधून, कमानींवरून, खाली न बघता.

घरी पोचेपर्यंत मुकादमाने वाक्यं जुळवली. ऐक, एक गोष्ट आहे. नाही. तुला आठवतं का, हे घर बघायला आलो तो दिवस. हेही नाही, घराचं नाव आधी घेतलं तर तिच्यावर ढकलल्यासारखं होईल, आणि तिने फक्त बाही धरली होती. जिना चढताना फुटलेल्या फोडाचा हात कठड्याला लागला आणि झोंबला. त्याने तो हात मुद्दाम पुन्हा कठड्यावर ठेवला, आणि मग स्वतःच्याच या पोरकटपणाचा त्याला कंटाळा आला. दार उघडंच होतं. बायको खिडकीपाशी बसून दिवसभरचे वाळलेले कपडे घडी करत होती. हा इतका मातीने माखून आला याचं तिला नवल वाटलं, हातांकडे तिचं लक्ष गेलं, ती उठायला लागली. तो म्हणाला, बस. तो स्वतः बसला नाही. तिच्या मांडीवर त्याचाच सदरा होता, बाह्या आत दुमडलेल्या.

"तुझ्या भावाबद्दल सांगायचंय," तो म्हणाला.

तिने सुस्कारा टाकला. रागाचा नव्हता, तोच तो, थकलेला. सदऱ्यावरून हात फिरवत तिने विचारलं, "आता काय केलं त्यानं?"